गाठीनं जोडून घेतलेले नळ

माय, तुला वाचता येत नव्हतं म्हणून हे लिहितेय. येत असतं तर लिहिलंच नसतं. तू होतीस तेव्हा तोंडावर बोलायचा दम माझ्यात नव्हता. आता दम आहे आणि तू नाहीस, मग कागदावरच बोलते. मी चौथीपर्यंत शिकले. पाचवीत तूच काढलंस, धाकट्याला उसाच्या फडात सांभाळायला. त्यामुळं जोडाक्षर चुकलं तर मला बोल लावू नकोस, ते तुझंच काम आहे.

गाव आता रिकामं झालंय. दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. ट्रॅक्टरवर भांडी, कोंबड्या, लेकरं लादून सगळे कारखान्याच्या वाटेला लागले. मागं राहिलेत म्हातारे, शाळेची थोडी पोरं आणि मी. नवरा यंदा एकटाच गेला, ट्रॅक्टरवर मोळ्या भरायला. जाताना म्हणाला, "जेवत जा." आमच्या संसारात एवढं बोललेलंही लई झालं. समोरच्या ओट्यावर ऊन येतं, तिथं बसते. काल दवाखान्यातून औषध लावून आणलंय, हाताला सुईची जागा काळी पडली आहे आणि नाकातून मधूनच थेंबभर रक्त येतं. सिस्टर म्हणाली, या औषधानं येतं, घाबरायचं नाही. मी म्हटलं, मी घाबरत नाही, मला चीड येते.

तर आधी आजार सांगते. मला कॅन्सर झालाय. पिशवीच्या तोंडाचा. तू म्हणशील, तुला पिशवी कुठंय? मीही तेच म्हणाले. मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण, माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी असेल, चष्मा कपाळावर सारून म्हणाली, "मावशी, तुमची पिशवी काढली, पण तिचं तोंड तसंच ठेवलं होतं. कॅन्सर त्या तोंडाला झालाय." मी म्हटलं, "बाई, घर पाडल्यावर दार कुणी ठेवतं का?" ती हसली नाही. म्हणाली, "ठेवतात. ऑपरेशन लवकर उरकतं." मग म्हणाली की तोंड ठेवलं असेल तर त्याची तपासणी पुढंही करत राहायची असते, तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं का. मला कधी कुणी काय सांगितलंय, माय?

उलट मीच लोकांना सांगत होते. मागं एकदा आशाताई दारात आली होती. सरकारी दवाखान्यात बायकांची पिशवीच्या तोंडाची तपासणी आहे, फुकट आहे, चला म्हणाली. मी हातातला झाडू न थांबवता तिला म्हटलं, "मला पिशवी न्हाई, फुडच्या घरी जा." फुडच्या घरची म्हणाली, "मला बी न्हाई." तिच्या फुडचीही तेच. आमच्या गल्लीत अर्ध्या बायांना पिशवी नाही. आशाताई गेली तशा आम्ही हसलो, की ही काय बिनपिशवीच्या गावात पिशव्या शोधत हिंडती. नंतर फडात मोळी डोक्यावर घेतली आणि साडी भिजली, तेव्हाही मी उष्णता म्हणून सब्जा पीत राहिले. टोळीतल्या बाया म्हणाल्या, पिशवी काढलेल्या बाईला रक्त काहून यील? नाहीच यायचं. म्हणून जे येत होतं ते आम्ही रक्त धरलंच नाही.

ज्या दिवशी तू मला नेलंस तो दिवस मला घासलेल्या भांड्यासारखा लख्ख आठवतो. कारखान्याचा पट्टा पडून, हंगाम संपून आपण नुकतेच गावी परतलो होतो. मी आज माझी लेक आहे तेवढी होते. पोरगं अंगावर पीत होतं, पोरगी चालायला लागली होती. मला पांढरं जायचं आणि कंबर धरायची. एवढंच. एवढ्यासाठी तू मला जीपमध्ये कोंबून त्या खाजगी डॉक्टरकडं नेलंस. बाकावर ओळखीच्याच बाया बसल्या होत्या आणि एकमेकींना विचारत होत्या, "तुजी कवा हाय?" गिरणीत दळणाचा नंबर विचारतात तसं. डॉक्टरनं पोटावरून यंत्र फिरवलं, माझ्याकडं न बघता तुला म्हणाला, "सूज आहे. ठेवली तर पुढं कॅन्सर होईल." आणि तू, जिनं आयुष्यात कुठल्या साहेबापुढं तोंड उघडलं नव्हतं, ती तू एका श्वासात म्हणालीस, "काढून टाका." माझा नवरा बाहेर विडी ओढत होता. मी टेबलावर होते. मला विचारायचं असतं हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

जीपमधून परत येताना तू माझं डोकं मांडीवर घेतलं होतंस, ही गोष्ट मी विसरले नाही, उगाच खोटं बोलणार नाही. रस्त्याला खड्डा आला की तू हातानं माझं पोट दाबून धरायचीस. आणि म्हणत होतीस, "आता मोकळी झालीस. पाळी न्हाई का खाडा न्हाई. मुकादमाचं बोलणं खायचं न्हाई. आन् ती दुसरी पीडा बी न्हाई." मी विचारलं, कोणती दुसरी. तू खिडकीबाहेर बघत राहिलीस.

टाके ओले होते तेव्हाच तू मला तुझी चुंबळ दिलीस. हिरव्या लुगड्याची, मोळीच्या ओझ्यानं चपटी झालेली. म्हणालीस, "माझी घे. बसलेली हाय. नवी टोचती." दुसऱ्या आया लेकींना काय काय देतात. तू मला डोक्यावर ओझं बसायची सोय दिलीस. आणि पुढच्या दिवाळीला मी ती डोक्यावर ठेवून तुझ्या मागं फडात उभी होते. ऊस तोडायला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, बाई बसली की जोडी मोडते आणि खाडा, म्हणजे दंड, दोघांच्या नावावर पडतो, हे तू मला लग्नाच्या आधीपासून शिकवलंस. पिशवी गेली, पाळी गेली, पण कंबर काही गेली नाही. ती दुप्पट झाली. अंगातून वाफा निघायच्या, उसाच्या पाचटात पडून राहावंसं वाटायचं. एकदा पडलेही. तू आलीस, दंडाला धरून उठवलंस आणि दातओठ खाऊन म्हणालीस, "ऊठ. आता तुला पडायला कारण काय उरलंय?" माय, हे वाक्य मी तुला माफ केलेलं नाही. अजून नाही.

त्याच हंगामात मला वास आला होता. कोपीच्या, आपल्या पाचटाच्या झोपडीच्या मागं, उसाच्या वाढ्यांच्या ढिगाआड तू फडकी वाळत घालायचीस आणि वरून लुगडं पसरायचीस, कुणाला दिसू नये म्हणून. मी एकदा लुगडं उचललं. संध्याकाळी तू चुलीपुढं होतीस, तिथं जाऊन विचारलं, "माय, तुजी पाळी तर कवाच गेली. मग हे काय हाय?" तू लाकूड चुलीत सारलंस, ठिणग्या उडाल्या. म्हणालीस, "तुला काय करायचंय? भाकरी थाप." मी भाकरी थापली. तू जे पीठ मळून दिलं होतंस त्याचीच थापली.

म्हणजे तुला झालेलं होतं. मला नेलंस तेव्हाच झालेलं होतं. त्या डॉक्टरच्या बाकावर तू बसली होतीस ती फडकं बांधून बसली होतीस, आणि एकदाही म्हणाली नाहीस की साहेब, मलाही बघा. तुला कुणीतरी सांगितलं असणार की पिशवी सडली की असं होतं. मग स्वतःची दाखवायची सोडून तू माझी काढून टाकलीस. हे मला आता, दवाखान्याच्या रांगेत बसून बसून कळलं. आणि कळल्यावर राग कमी होईल असं वाटलं होतं, तर तो वाढला. कारण आता मला एक विचारायचंय आणि उत्तर द्यायला कुणी नाही. तू मला नेलंस ते माझ्या जिवासाठी का खाड्यासाठी? जीपमध्ये तू दोन्ही बोललीस. पण खाडा आधी बोललीस.

पुढच्या हंगामात तू कोपीतच गेलीस. लोक म्हणाले, अंगावरून लई गेलं, रक्त सरलं. त्या दुखण्याला नाव कुणी दिलं नाही. ट्रॉलीत वाढ्यांवर निजवून तुला गावी आणलं.

आता माझ्या गाठीचं सांगते, कारण ते तुझ्याही गाठीचं असणार. मला आधी किरणांचा शेक दिला, सलाइनी लावल्या. गाठ बसली. सगळे म्हणाले, सुटलीस. मग कंबर धरली, परत फोटो काढला, तर पोटात वरच्या बाजूला गाठी दिसल्या. पहिल्या गाठीनं पाठवलेल्या. सुईनं त्यांचा तुकडा काढून तपासला. डॉक्टरीण कागद बघून इकडचं तिकडचं बोलायला लागली, तेव्हा मी म्हटलं, "मुकादमासारखं गोल गोल बोलू नका. सरळ सांगा."

ती म्हणाली, "मावशी, गाठीला वाढायला रक्त लागतं. बारकी असते तोवर आजूबाजूचं पुरतं. मग पुरेनासं झालं की ती निरोप धाडते. जवळच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फुटतात आणि ते तिच्याकडं वाढत जातात."

"म्हंजी आमच्या गावाच्या पाइपलाइनीला रातोरात नळ जोडून घेतेत तसं?"

आता ती हसली. "हो, तसंच. आणि चोरीचे नळ जसे धड बसवलेले नसतात, गळतात, तशाच या नव्या शिराही कच्च्या असतात. म्हणून तुम्हाला रक्त जातं. त्याच वाटेनं गाठीचे कण बाहेर पडतात आणि दुसरीकडं जाऊन बसतात."

मी विचारलं, "माझ्यात किती नळ हायेत?"

"दाट आहेत," ती म्हणाली. "जाळं दाट असलं की गाठ चपळ असते. बरीच दाट आहेत."

"मंग मी जगते का मरते?"

तिनं चष्मा काढला. "पूर्ण बरं होईल असं मी म्हणणार नाही. आवरता येईल. आता एक औषध असं आहे की ते नवे नळ जोडू देत नाही. जुने सगळे तोडत नाही, पण नवे थांबवतं. गाठ उपाशी राहते. काहींना त्यानं बराच काळ मिळतो, काहींना थोडाच. तुम्हाला किती, ते मला आज सांगता येत नाही." मला ती आवडली, माय. पहिली बाई भेटली जी मला सांगता येत नाही म्हणाली.

तेव्हापासून मी त्या नळांचाच विचार करते. औषध लावायच्या आधी सिस्टर दंडाला पट्टा बांधून दाब बघते, कारण या औषधानं दाब वाढतो. दाब वाढलेला असला की परत पाठवते, पुढच्या आठवड्यात या म्हणते, मग केजच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसायचं. बसल्या बसल्या डोक्यात तेच. आपण फडात पाणी पीत नव्हतो. पाणी प्यालं की लघवीला जावं लागतं आणि आडोसा नसतो, म्हणून सकाळी घोटभर आणि मग कोपीत आल्यावर. ओठ फुटायचे. तू म्हणायचीस, सवय लाव. लावली. मी कुणाकडं पाणी मागितलं नाही, उसंत मागितली नाही, मला काढायची नाही असं म्हणाले नाही. आणि माझ्याच पोटातली ही गाठ बघ. तिला तहान लागली की निरोप धाडते आणि आख्खं अंग तिच्याकडं धावतं. तिला मागता येतं. माझ्या अंगात माझ्यापेक्षा धीट असं हेच एक निपजलं.

इथवर मी तुला बोलले. आता लेकीचं सांगते, कारण हे लिहायला बसले ते तिच्यापायी.

दिवाळीच्या आधी ती माहेरी आली. दोन लेकरं कडेखांद्यावर. भांडी घासता घासता, सहज बाजारला जायचं सांगावं तसं म्हणाली, "आई, पांढरं लई जातं. सासू म्हणती, टोळी निघायच्या आत काढून घी. मोकळी हो."

मी हातातला तांब्या आपटला. "माझ्याकडं बघ," म्हटलं. "डोक्यावर केस ऱ्हायला का माझ्या? काढली म्हणून ही गत झाली."

"तुझ्या डॉक्टरनं तोंड ठिवलं म्हणून झाली," ती म्हणाली. "म्या तोंडासकट काढती. सांगती तसं डॉक्टरला."

बघ, माय. तुझी नात तुझ्यापेक्षा एक पाऊल पुढं गेली. मी ओरडले. नळांचं सांगितलं, वाफांचं सांगितलं, कंबरेचं सांगितलं, डॉक्टरीण म्हणाली की सुजेला गोळ्या असतात ते सांगितलं. ती घासणी फिरवत राहिली. "तू आजारी हाईस म्हणून तुला सगळंच वंगाळ दिसतं," म्हणाली. "आन् तू नेहमीच वराडती. कशाला नाय वराडली तू?" हेही खरंच आहे. मी इतकी वर्षं मिठाला ओरडले, पावसाला ओरडले, आता जिवाचं ओरडायची वेळ आली तर तिला ते मिठासारखंच ऐकू येतं. ओसरीवर तिची बॅग भरलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू तिला घेऊन जाणार होती.

तिला तू आठवतेस. फडात तू तिला ऊस दातानं सोलून, बारके तुकडे करून चोखायला द्यायचीस, तेवढंच आठवतं, पण त्यावर तिनं तुझं देवघर बांधलंय. माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल. म्हणून मी खाली बसले आणि म्हटलं, "तुझी आजी मरताना काय म्हणली ठावं हाय का?"

घासणी थांबली. "काय?"

"म्हणली, तुझी म्या घाई केली. चुकलं माझं. पोरीची अशी करू नगं. आधी नीट दाखव, तपास, मग काय ते."

"आजी आसं म्हणली?"

"म्हणली."

"मला कवा सांगितलं न्हाईस."

"तवा तू शेंबडी हुतीस. शेंबड्या पोरीला पिशवीचं सांगू?"

तिनं घासणी ठेवली, हात पदराला पुसले. मग तिनं आपणच सासूला फोन लावला. सकाळी ती माझ्याबरोबर मोठ्या दवाखान्यात आली. मला सुई लावलेली होती तेव्हा डॉक्टरणीनं तिला तपासलं. तोंडाला सूज होती, जंतू होते. गोळ्या दिल्या, नवऱ्यालाही दिल्या. पुसून काढलेल्या नमुन्याचा निकाल नंतर आला, तोही चांगला. काढायचं काही कारण नाही, पण दर काही वर्षांनी दाखवत जा, म्हणाली. परत येताना एसटीत लेक हसत होती. "त्येला बी गोळ्या! त्यो खाईल व्हय? भाकरीत घालाव्या लागत्याल." ती टोळीबरोबर गेली, पिशवी घेऊन गेली. परवा फोनवर म्हणाली, "आई, टोळीतल्या दोघी म्हणल्या, आमी बी आधी दाखवू. आजीचं सांगितलं त्यांना."

म्हणजे तुझं नाव झालं. जिवंत बाई बोंबलून सांगते ते कुणी ऐकत नाही, आणि मेलेलीनं न बोललेलं फडाफडात फिरतंय. कारण तू तसं काही बोलली नव्हतीस. मी होते ना तिथं. तू बोललीस ते एवढंच, "चूल इजव, पाचट पेट घील." मी चूल विझवली, मागं वळले, तोवर तू गेली होतीस. चुकलं माझं हे शब्द मी तुझ्या तोंडात घातले. ते तू बोलायला पाहिजे होतेस. लेकीला सांगताना तुझा आवाज काढायला गेले, तर तो आठवेना, मग माझ्याच आवाजात सांगितलं. तिला फरक कळला नाही.

कालच्या फोटोत जाळं जरा विरळ झालंय, म्हणाली डॉक्टरीण. गाठी आहेत तेवढ्याच आहेत, वाढल्या नाहीत. हे चांगलं का, विचारलं, तर म्हणाली, आजच्या दिवसाला चांगलं. पुढचं विचारलं नाही.

हा कागद कुठं टाकायचा नाही. तुझा पत्ता नाही आणि दुसऱ्या कुणाला वाचू द्यायचा नाही, लेकीला तर मुळीच नाही. चुलीत घातला असता, पण आता गॅस आहे. तेव्हा तुझ्या चुंबळीतच खोचून ठेवते. होय, टाकली नाही मी ती. वरचं फडकं कितीदा बदललं, आत तुझंच हिरवं लुगडं आहे. केस गेल्यापासून डोक्याला उशी सहन होत नाही, म्हणून दुपारची तीच डोक्याखाली घेऊन पडते. तू म्हणालीस तशी आहे. बसलेली. टोचत नाही.